कोपरापर्यंत हात

त्या रविवारी सकाळी बाबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पिंपात डोकं घालून बोलल्यासारखा येत होता. सर्दीने नाक पार बुजलं होतं.

"ताई, आज काड तुलाच बघून आणावं लागेल. माझं नाक सध्या नुसतं शोभेला आहे."

ताई बेचाळीस वर्षांची होती. धाकटा भाऊ जन्मल्यापासून घरात सगळेच तिला ताई म्हणत, आईबाबासुद्धा. आठवडाभर ती कॉलेजच्या ग्रंथालयात बसायची आणि तिने नुसती मान वर केली तरी पोरं कुजबुजायची थांबायची. रविवारी मात्र ती तीन गल्ल्या ओलांडून माहेरी यायची आणि उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की पुन्हा तराजूसाहेबांची मुलगी व्हायची.

तराजूसाहेब हे नाव बाबांना बाजाराने दिलं होतं. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानातले काटे तपासले, खोटी वजनं जप्त केली, खऱ्यांवर शिक्के मारले. दुकानदार समोर हात जोडत आणि पाठ वळली की दात-ओठ खात. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी मागच्या खोलीत अळिंबी लावायला घेतली. आई म्हणायची, "बरं झालं बाई. माझ्या डब्यातला चहा मोजायचे तरी थांबले."

अळिंबीला माती लागत नाही, पण अंथरूण लागतं. ते कशाचं करायचं, हाच बाबांच्या मते सगळ्यात मोठा प्रश्न होता. बी चांगलं मिळालं आणि अंथरूण चांगलं जमलं की पुढचं अळिंबी स्वतःच बघते, असं ते म्हणत. पहिल्या वर्षी त्यांनी जुने पुठ्ठे भिजवून बघितले. ते गोंदाने चिकट झाले आणि खोलीला सरकारी दप्तराचा वास सुटला. मग कोपऱ्यावरच्या हॉटेलातून कॉफीचा चोथा आणला. त्यावर चौथ्या दिवशी अळिंबीऐवजी हिरवीगार बुरशी उगवली. आईने ती बघून "हिरवळ छान आहे, बाक टाकूया का?" असं विचारलं. लाकडाच्या भुशाचं प्रकरण वखारीतच अडलं, कारण भुसा कोणत्या लाकडाचा हे वखारवाल्याला सांगता येईना, आणि चिकाच्या लाकडाचा भुसा अळिंबीला मानवत नाही. शेवटी गव्हाच्या काडावर येऊन गाडी थांबली. काड म्हणजे दाणे काढून घेतल्यावर उरलेले पोकळ देठ. गावाबाहेर घोड्यांचा एक तबेला होता, तिथे त्याचे बांधलेले गठ्ठे मिळत.

ते काड कसं असावं, यावर बाबांचं प्रवचन असे. देठ पिवळाधमक हवा आणि वाकवल्यावर टचकन मोडला पाहिजे. नुसता लवला तर आत ओल आहे. गठ्ठ्यावर थाप मारली की धूळ उडेल, पण ती राखेसारखी उडाली तर समजावं की बुरशी आहे. बाहेरून चांगला दिसणारा गठ्ठा आतून कुजलेला असू शकतो, म्हणून दोरी सैल करून मधोमध कोपरापर्यंत हात घालायचा. आत गार लागलं पाहिजे, ऊब लागता कामा नये. आणि शेवटी मूठभर काड बाहेर काढून नाकाशी धरायचं. भाजलेल्या पावाच्या कडेसारखा वास आला तर घ्यायचं. तळघरासारखा आला तर तबेलेवाल्याला नमस्कार करून परत फिरायचं.

पुढचं काम घरी चाले. आई काडाचे दोन-दोन बोटांचे तुकडे करायची. बाबा ते कडक गरम पाण्यात तासभर बुडवायचे. पाणी वाफाळलं पाहिजे पण उकळता कामा नये, म्हणून पिंपाशी थर्मामीटर धरून बसायचे. मग निथळून मुठीत दाबून बघायचं. एक-दोन थेंब पडले तर नेमकं, धार लागली तर जास्त ओलं.

आणि या सगळ्यावर घरचा एक कायदा होता. एकाने तपासलं की दुसऱ्याने ते उकरायचं नाही. बाबा म्हणत, "शिक्का मारलेलं वजन पुन्हा कुणी तोलतं का? तोलायचं असेल तर मग शिक्का कशाला?" अर्थात हा शिक्का आजवर फक्त बाबांचाच होता. ताईने आणलेला प्रत्येक गठ्ठा त्यांनी स्वतः उघडून बघितला होता. मागच्या महिन्यात तर गठ्ठ्यातून तीन काड्या काढून त्यांनी टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाले, "या तीन हिरवट आहेत." ताईने चहा घेतला आणि ती घरी गेली.

म्हणून या रविवारी "तुलाच बघून आणावं लागेल" हे ऐकल्यावर तिला आनंद झाला नाही, रागच आला. आपल्यावर भरवसा टाकायला यांचं नाक बंद पडावं लागलं! चार वाजता ग्रंथालयात एका पुस्तकावर चर्चा होती आणि बोलायचं तिलाच होतं. त्यासाठी तिने नवा करडा स्वेटर घातला होता. तबेल्यासाठी तो बदलायचा आणि नंतर पुन्हा घालायचा, याचा तिला कंटाळा आला.

तबेलेवाल्याने तिला बघून हात वर केला. पाठीला पट्टा बांधून तो घोडा धुण्याच्या जागेशी उभा होता. शेडमध्ये गठ्ठ्यांच्या दोन रांगा होत्या.

"किती नेताय?"

"दोन."

"घोड्यांसाठी की साहेबांच्या छत्र्यांसाठी?"

"छत्र्यांसाठी."

"मग मागच्या रांगेतले घ्या. पुढच्यांवर धुण्याचं पाणी उडतं. पण माझी पाठ धरली आहे हां. वरचे चार-पाच उतरवावे लागतील तुम्हालाच."

ताईने मागची रांग बघितली. मग स्वेटरची बाही बघितली.

"हेच चालतील," ती म्हणाली. "वरून तर कोरडे दिसतायत."

"बघा बुवा. साहेब मला धरतील."

"नाही धरणार."

तिने पुढच्या रांगेतले दोन गठ्ठे दोरीला धरून, अंगापासून लांब ठेवत, गाडीच्या डिकीत टाकले. थाप मारली नाही. दोरी सोडली नाही. येताना गाडीच्या काचा खाली केल्या होत्या, त्यामुळे वास आला असता तरी कळला नसता. आला नव्हता, एवढंच ती पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिली.

बाबा दारातच उभे होते, गळ्याला मफलर, हातात वाफेचं भांडं.

"वास घेतलास?"

"घेतला."

"कसा होता?"

"पावाच्या कडेसारखा."

"आणि हात? आत हात घातलास ना?"

"कोपरापर्यंत," ताई म्हणाली.

बाबा हसले. त्यांचं ते हसणं तिच्या ओळखीचं होतं, पण ते आजवर तिच्या वाट्याला आलेलं नव्हतं. खात्यातला एखादा नवा माणूस पहिल्याच फेरीत खोटा काटा पकडून आला की ते असे हसत. त्यांनी गठ्ठ्यावर नुसता हात ठेवला आणि आत वळून ओरडले, "अगं, ऐकलंस का? काड पास आहे. ताईने तपासलंय."

"झालं!" आई आतून म्हणाली. "आता तिलाही तराजूबाई म्हणायला लागतील."

आई जन्मभर शिवणकाम करत आली होती आणि मापात कापणं तिच्या हातात बसलं होतं. पण शिवणाची कात्री ती काडाला लावू देत नसे. त्यासाठी बाबांनी एका छापखान्याच्या भंगारातून कागद कापायचं लांब दांड्याचं यंत्र आणलं होतं. जेवणं झाल्यावर आई मागच्या खोलीत ते घेऊन बसली आणि दांडा खाली आल्याचा खट्‌-खट्‌ आवाज सुरू झाला. ताई स्वयंपाकघरात टिपणं वाचत होती.

"ताई," आईने हाक मारली, "आज धूळ फार आहे गं."

"खिडकी उघड मग."

"खिडकी उघडली की खालची बाई तोंड उघडते. तिच्या वाळत घातलेल्या चादरींवर काड्या पडतात." मग ती खोकली, जरा लांबलेलं. आईला दम्याचा जुना त्रास होता आणि तिचं खोकणं घरातल्या घड्याळासारखं होतं. आवाज होत राहायचा, कुणी वर बघायचं नाही.

साडेतीनला ताई निघाली. "जाते गं," एवढंच ती दारातून म्हणाली. चर्चा छान झाली. लोकांनी स्वेटरचंही कौतुक केलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. थंडी वाजून ताप आला होता. "तुझ्या बाबांनी सर्दी दिली बघ मला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, मागितलेलं कधी दिलं नाही, हे मात्र न मागता." दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि म्हणून बुधवारी, जरा बरं वाटतंय असं म्हणत, आई दुसरा गठ्ठा कापायला बसली. तोवर तो बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकून उभा होता, कारण मागच्या खोलीत जागा नव्हती. बुधवारी संध्याकाळी तिचे ओठ निळे पडले.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी एका डॉक्टरबाईंनी फुप्फुसांचे फोटो उजेडाला धरले आणि घरात कोंबड्या, कबुतरं, कुजलेलं गवत असं काही आहे का विचारलं. बाबा खुर्चीत बसले होते ते उठून उभे राहिले.

"काड आहे," ते म्हणाले. "मी अळिंबी लावतो."

"बुरशी लागलेलं? ओलं?"

"आणलं तेव्हा कोरडं होतं. माझ्या मुलीने कोपरापर्यंत हात घालून बघितलं होतं." ते थांबले. ते मनातल्या मनात मांडणी करत होते, हे ताईला दिसत होतं. तीस वर्षं ते हेच करत आले होते. खरं वजन एका पारड्यात ठेवायचं आणि दुसऱ्या पारड्यात काय कमी पडतं ते बघायचं. "म्हणजे ते माझ्याकडे बिघडलं. दुसरा गठ्ठा मी तीन दिवस बाथरूमच्या दाराशी ठेवला होता. वाफ लागली असणार. सर्दीमुळे मला वास आला नाही. चूक माझी आहे, डॉक्टर."

डॉक्टरबाईंनी ताईकडे बघितलं. ताईने होकारार्थी मान हलवली.

ताप रविवारी आला होता. बाथरूमच्या दाराशी ठेवलेला गठ्ठा उघडायच्या तीन दिवस आधी, पहिल्याच गठ्ठ्यावर. ही साधी वजाबाकी खोलीत फक्त एका माणसाला येत होती, आणि त्या माणसाने मान हलवली होती. औषध दोन्हीकडे तेच असणार, असं तिने स्वतःला समजावलं. ते बहुधा खरंही होतं. तिने पुस्तकात शोधलं, आपल्याच ग्रंथालयातल्या वैद्यकाच्या कपाटात, शिडीवर उभं राहून. कुजलेल्या गवताच्या धुळीने फुप्फुसं कशी सुजतात, कितव्या तासाला ताप येतो, जुना दमा असला तर काय होतं, सगळं नीट दिलेलं होतं. तिने पुस्तक जागेवर ठेवलं आणि खाली उतरली.

आई नऊ दिवस होती. सातव्या दिवशी बाबा खाली औषधं आणायला गेले असताना तिने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला.

"पहिल्याच गठ्ठ्याला वास होता गं," ती म्हणाली. एकेका शब्दाला वेगळा श्वास लागत होता. "तळघरासारखा. मला वाटलं... तू बघितलंस म्हणजे... माझंच काहीतरी. तू बघितलं होतंस ना?"

"बोलू नकोस," ताई म्हणाली. "दम लागेल."

तिने मास्क आईच्या तोंडावर नीट बसवला. रबर कानामागे अडकवलं. केस सारखे केले. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय मायेने करतेय पोरगी.

आई गेली तेव्हा धाकटा आला, तो सगळं आटोपल्यावर आठ दिवस राहिला. तो तीन तासांवरच्या शहरात असायचा आणि आईचा जीव त्याच्यात होता. तिसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाला, "बाबा, तुम्ही जन्मभर लोकांचे काटे पकडलेत. स्वतःच्या घरात काय कुजतंय ते नाही कळलं?"

बाबा म्हणाले, "नाही कळलं."

"बाथरूमच्या दाराशी गवत ठेवतं का कुणी?"

"नाही ठेवत."

"आणि तिला बसवलंत कापायला. खिडक्या लावून."

"हो."

तो बोलत होता आणि बाबा मस्टरवर सही करावी तसे प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते. ताई कप विसळत होती. नळ पूर्ण सोडला की मागचं ऐकू येत नाही, हे तिला माहीत होतं. तिने तो पूर्ण सोडला.

जाताना धाकट्याने तिला मिठी मारली. "ताई, तू होतीस म्हणून बरं. तू तरी बघून आणलं होतंस."

यानंतर बाबांनी महिनाभर मागच्या खोलीचं दार उघडलं नाही. मग एक दिवस ताई गेली तर ते खोलीत जमिनीवर बसले होते. समोर लाकडाच्या भुशाची तीन पोती, एक कोंड्याचं पोतं आणि काटा. काडाला आता हात लावणार नाही, भुशावर करून बघतो, असं त्यांनी सांगितलं. वखारवाल्याकडून लाकडाचं नाव लिहून आणलं होतं. दहा भागांना एक भाग कोंडा. त्याहून जास्त घातला तर अळिंबीआधी बुरशीच तो खाऊन टाकते. हे सगळं ते पूर्वीसारखंच सांगत होते, पण हात चालत नव्हते. ते मूठभर भुसा घ्यायचे, नाकाशी धरायचे, परत पोत्यात टाकायचे. पुन्हा तोच घ्यायचे. सर्दी कधीच गेली होती.

"याला वास येतोय का गं?" त्यांनी विचारलं.

ताई खाली बसली. तिने बाही वर सारली, तिन्ही पोत्यांत खोलवर हात घातला, तळाचा भुसा काढून वास घेतला. ताज्या लाकडाचा वास होता, दुसरा कसला नव्हता.

"नाही येत."

"तू म्हणतेस म्हणजे नाहीच येत," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की तिला तिथून उठून जावंसं वाटलं. "माझ्या नाकाचा आता भरवसा नाही. चालू असलं तरी नाही."

पण त्यांनी त्या भुशाच्या पिशव्या भरल्याच नाहीत. पुढच्या रविवारी पोती तशीच होती, तोंडं बांधलेली. त्याच्या पुढच्या रविवारी बाबांनी गॅसच्या शेगडीवर कागद चिकटवला होता, "बंद केला का?" दारावर एक, खिडकीवर एक. धाकट्याने फोनवर सांगितलं की त्यांना इथे एकटं ठेवायचं नाही, मी घेऊन जातो, घराला कुलूप लावू. बाबांनी एका शब्दाने विरोध केला नाही. घरातली खुर्ची कुणी दोन बोटं सरकवली तरी ज्या माणसाने जेवण टाकलं असतं, तो म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. माझ्या हातात घर सोपवण्यासारखं राहिलं नाही."

ताईने तेव्हा सांगायला हवं होतं. ती सांगणारही होती. ती तोंडही उघडायची, पण बाहेर पडायचं ते "चहा टाकू का?" एवढंच. हे वाक्य तिने दोन महिन्यांत इतक्या वेळा म्हटलं की बाबा एकदा म्हणाले, "अगं, मला झोप येईल का आज?"

न्यायचा दिवस शनिवारचा ठरला. धाकटा दुपारी आला आणि त्याने खोकी जुळवायला घेतली. मागच्या खोलीतली पिंपं, चाळण्या, पिशव्या, सगळं भंगारात जायचं होतं. बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते. ताई कपाटातले कपडे घड्या घालून देत होती.

"झालं का तुमचं?" धाकट्याने विचारलं. "काय लिहिताय एवढं? मृत्युपत्र?"

"सूचना," बाबा म्हणाले. "बी विकणाऱ्या बाईंकडे देऊन जातो. त्या बियाच्या प्रत्येक पिशवीबरोबर एक प्रत देते म्हणाल्यात. घरात लावणारे पुष्कळ झालेत आता. त्यांना कळलं पाहिजे." त्यांनी कागद ताईकडे केला. "तू भाषा तपास. तुझं काम आहे ते. आणि मोठ्याने वाच. कानाला कसं लागतं ते बघू दे."

एकाच पानावर, त्यांच्या त्या खात्यातल्या सुबक अक्षरात, ओळी मोजून घेतल्यासारख्या होत्या. ताईने पेन्सिल घेतली आणि वाचायला लागली. काड कसं निवडावं. देठ मोडून बघावा. थाप मारावी. धूळ राखेसारखी उडाली तर घरात आणू नये. कापताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि नाकातोंडावर कापड बांधावं. शेजाऱ्यांचा विचार नंतर करावा. दम्याच्या माणसाला या कामाला बसवू नये. एका ठिकाणी तिने स्वल्पविराम घातला. एका ठिकाणी "तद्वतच" खोडून "तसंच" केलं.

"छान आहे," धाकटा मागून म्हणाला. त्याच्या आवाजातला काटा जरा बोथट झाला होता. "हे आधी लिहायला हवं होतं."

"हो," बाबा म्हणाले. "पुढे वाच, ताई. शेवटचं कलम महत्त्वाचं आहे. ते नीट झालंय का सांग."

ताईने कागद जरा वर धरला.

"चांगलं काडसुद्धा घरात बिघडू शकतं," तिने वाचलं. "माझ्या बाबतीत असं झालं. काड आणताना उत्तम होतं. माझ्या मुलीने ते नियमाप्रमाणे आत हात घालून व वास घेऊन तपासलं होतं. तिच्या तपासणीत काहीही उणं नव्हतं. मी ते ओल्या जागी..."

ती थांबली.

"ओल्या जागी ठेवलं," बाबांनी पुढचं सांगितलं. "अक्षर लागत नाही का?"

"लागतंय."

"मग?"

धाकट्याने खोक्यावर चिकटपट्टी ओढली, तिचा करकर आवाज झाला. "वाच ना. सहाच्या आत निघायचंय."

ताईने पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं. हा कागद आता पिशव्यांबरोबर कुठल्या कुठल्या घरांत जाणार होता. तिथली माणसं आपली न्हाणीघरं कोरडी ठेवतील आणि कुणीतरी बघून आणलेला गठ्ठा न उघडता कापायला घेतील. खाली बाबांची सही होती, पूर्ण नावाची, हुद्द्यासकट. सत्तर वर्षांच्या आयुष्यात या माणसाने खोट्या मापाखाली कधी सही केली नव्हती. पहिली केली होती ती तिने दिलेल्या मापावर.

"ताई?" बाबा म्हणाले. "चुकलंय का काही?"

"हो," ती म्हणाली.

"कुठे? दाखव."

तिने पेन्सिल टेबलावर ठेवली. मान खाली घालून बोलावं असं तिला वाटत होतं, पण ती बाबांकडे बघत राहिली. धाकट्याचा हात चिकटपट्टीवर थांबला होता.

"मी हात घातला नव्हता, बाबा. वास घेतला नव्हता. दोरीसुद्धा सोडली नव्हती. तबेलेवाला म्हणाला होता, मागचे घ्या, पुढच्यांवर पाणी उडतं. मी पुढचे उचलले, कारण स्वेटर नवा होता आणि मला तुमचा राग आला होता. काड आलं तेव्हाच कुजलेलं होतं. बाथरूमने काही केलं नाही, तुम्ही काही केलं नाही. आईला पहिल्याच दिवशी वास आला होता. दवाखान्यात तिने मला विचारलं, तू बघितलं होतंस ना? आणि मी तिच्या तोंडावर मास्क लावला."